शिकाऊ परवान्यावर शर्यत

मोटारींच्या शर्यतीत भाग घ्यावा की घेऊ नये, हा विषय मी घरात काढला तेव्हा जेवायला तारल्यांचं कालवण होतं. वेळ मी मुद्दाम निवडली होती. तारलीला काटे बारीक आणि भरपूर. ती खाताना माणसाला पटकन तोंड उघडून विरोध करता येत नाही.

आमचे हे, म्हणजे अनिल शिवलकर, यांनी जिभेवरचा काटा शोधून, काढून, ताटाच्या कडेला नीट ठेवला आणि मग विचारलं, "कसली शर्यत?"

"मोटारींची."

"बघायला जायचंय?"

"चालवायला."

यावर दुसरा घास गेला तो न बघता, आणि पुढची काही मिनिटं आम्ही सगळे त्यांना सुका भात गिळायला लावण्यात गुंतलो. माझे सासरे, आप्पा, यांनी मात्र ताट बाजूला सारून विचारलं, "इंजिन कुठलं वापरणार?" आप्पांची सगळी नोकरी मालवाहू बोटींच्या इंजिनरूममध्ये गेली. इंजिन सोडून जगात जे काही आहे त्याला ते 'वरच्या डेकवरचा गोंधळ' म्हणतात.

आता असं खूळ एका शाळेत भूगोल शिकवणाऱ्या, शेहेचाळीस वर्षांच्या बाईच्या डोक्यात कुठून आलं? तर आरे-वारेच्या रस्त्यावरून. आदल्या रविवारी मी गणपतीपुळ्याहून एकटी परत येत होते. समोरून एसटी आली, माझ्या अंगाला डोंगर, पलीकडे समुद्र, आणि रस्ता दोघांना पुरेल एवढा नाही. एसटी मागे जात नसते. तेव्हा मी आमची जुनी छोटी गाडी रिव्हर्समध्ये टाकली आणि मागचं वळण, त्याच्या मागचं वळण असं करत थेट शहाळ्यांच्या टपरीशेजारच्या मोकळ्या जागेत नेऊन लावली. एसटीच्या ड्रायव्हरने जाताना हात वर केला. कोकणात यापेक्षा मोठा सन्मान नाही.

टपरीवर एक तिशीतला तरुण शहाळं पीत उभा होता. तो नळी तोंडातच ठेवून धावत आला.

"काकू, काय रिव्हर्स मारलात! मी हर्षद. आमचा मोटर क्लब आहे. डिसेंबरात सड्यावर नवख्यांसाठी शर्यत ठेवतोय. तुम्ही याच."

'काकू' मला झोंबलं, पण उरलेलं वाक्य इतकं गोड होतं की मी ते पोटात घातलं. त्याने समजावून सांगितलं, की दोन गाड्या एकमेकींना घासत पळतात तसलं हे काही नाही. सडा म्हणजे आमच्याकडचं उघडं कातळाचं पठार. तिथे रस्त्याच्या कामावर असतात तसले नारिंगी कोन मांडायचे, त्यांच्यामधून वळणं घेत जायचं, एका वेळी एकच गाडी, आणि घड्याळाने वेळ मोजायची. गाडी रोजचीच चालते. आपटायला काही नाही, फार तर कोन पडतो.

हे सगळं मी घरी जसंच्या तसं सांगितलं. अनिलनी ऐकून घेतलं आणि म्हणाले, "नको."

त्यांचीही बाजू सांगायला हवी. ते विमा कंपनीत मोटारींच्या दाव्यांचं काम बघतात. दिवसभर चेपलेल्या गाड्यांचे फोटो समोर. जिल्ह्यातलं प्रत्येक वळण त्यांना तिथे कोण आपटलं यावरून ओळखता येतं. आम्ही पावसला निघालो आणि मी म्हटलं, "समुद्र बघा काय दिसतोय," तर ते म्हणतात, "इथेच तो टेम्पो उलटला होता." असा माणूस स्वतः गाडी चालवतो तेव्हा त्याला सायकली ओलांडून जातात.

"मी नक्की ठरवलेलं नाही," मी म्हटलं. "निदान चौकशी तर करते."

चौकशीत पहिलंच निघालं ते असं, की भाग घेणाऱ्याकडे चालू वाहन परवाना हवा. तो माझ्याकडे होताच. मी कपाटातून काढला, पुसला, आणि मुदतीची तारीख वाचून पुन्हा कपाटात ठेवला. परत काढला. तारीख तीच होती. माझा परवाना मागल्या वर्षीच्या गणपतीआधीच संपला होता. म्हणजे वर्षाहून जास्त काळ मी शाळेत, बाजारात, पावसला, आणि एसटीसमोर उलटी वळणं घेत गेले ती सगळी बेकायदा. सातवीच्या वर्गाला रहदारीच्या नियमांवर प्रकल्प दिला होता तोही याच काळात.

परिवहन कार्यालयात कळलं, की एवढा उशीर झाल्यावर नुसतं नूतनीकरण होत नाही. आधी शिकाऊ परवाना काढायचा आणि मग गाडी चालवण्याची परीक्षा पुन्हा द्यायची. तोवर गाडीला लाल 'एल' लावायचा आणि शेजारी परवानाधारक माणूस बसवायचा.

परवानाधारक माणूस आमच्या घरात एकच होता.

लग्नाला बावीस वर्षं झाली, पण एकमेकांची खरी ओळख आम्हाला त्या दिवसांत झाली. सकाळी शाळेत जाताना अनिल शेजारी बसत. उजवा पाय खालच्या रबरी मॅटवर दाबत, जणू तिथे त्यांचा स्वतःचा ब्रेक आहे. मॅटला शेवटी भोक पडलं.

"कुत्रा," ते म्हणत.

"दिसला."

"रिक्षा."

"दिसली."

"ती म्हातारी रस्ता ओलांडणार आहे."

"ती बसलीये हो, फुलं विकायला."

"उठेल."

पण नुसत्या एवढ्यावर भागलं असतं तर काय हवं होतं! आमच्या खालच्या मजल्यावर यमुनाबाई राहतात. आम्ही त्यांना मावशी म्हणतो. मूळ गाव दापोलीकडचं, मन मायेचं, आणि आवाज असा की कुजबुजल्या तरी तिसऱ्या मजल्यावरचा माणूस "हो" म्हणतो. त्यांनी गाडीवरचा लाल 'एल' बघितला.

"काय गो समीक्षा, म्हणजे इतकी वर्षं तू शिकतच होतीस होय? नि मी तुझ्याबरोबर डोळ्यांच्या डॉक्टरकडे येत होतंय!"

मी त्यांना खरं सांगायला हवं होतं. पण परवाना संपल्याचं एका शिक्षिकेने कुठल्या तोंडाने सांगायचं? मी म्हटलं, "जरा सराव करतेय, मावशी."

हे 'सराव' मला फार महागात पडलं. मावशींनी त्यावर विचार केला. बाई रोज सराव करतेय, नवरा ऑफिसच्या वेळेत शेजारी बसलेला, दोघांचे चेहरे पडलेले. त्यातच आप्पांनी एक उद्योग करून ठेवला. शर्यतीला गाडी हलकी हवी म्हणून एका दुपारी त्यांनी मागची सीट उपटून वर गॅलरीत आणून ठेवली. स्टेपनी काढली, जॅक काढला, डॅशबोर्डवरचा गणपतीही काढत होते, पण तो चिकटवलेला निघाला. शर्यतीला अजून महिना होता, आणि मी भाग घेणार हेही ठरलेलं नव्हतं. "परत बसवा," म्हटलं तर सीट जाईना. बोटीवर म्हणे सीटा अशा नसतात. मग आप्पा रोज सकाळी गॅलरीतल्या त्या सीटवर पेपर वाचत बसू लागले, सीटबेल्टसकट.

शेजारणीच्या गाडीतली सीट गॅलरीत येते याचा अर्थ घरात पैशांची ओढाताण आहे, असं मावशींना वाटलं नसतं तरच नवल. आठवड्याभरात साऱ्या इमारतीला कळलं, की अनिलची नोकरी गेली असून समीक्षा आता गणपतीपुळ्याच्या पर्यटकांसाठी टॅक्सी चालवणार आहे.

आम्हाला मात्र काहीच कळलं नाही. एवढंच जाणवलं की माणसं अचानक फार चांगली वागू लागलीत. समोरच्या सगुणाताईंनी नारळ आणून दिले. "घरचेच आहेत, असू देत," म्हणाल्या आणि पदराला डोळे पुसले. वरच्या मजल्यावरच्या दर्शनने अनिलना जिन्यात थांबवून त्यांचा हात दाबला आणि म्हणाला, "वाईट दिवस जातात हो काका." अनिलना वाटलं त्याच्याच घरी काही झालंय. त्यांनीही त्याचा हात दाबला. दोघे बराच वेळ तसे उभे होते.

भांडं फुटलं ते एका संध्याकाळी. मावशी वर आल्या, बसायला खुर्ची दिली तरी उभ्याच राहिल्या.

"पुढच्या मंगळवारी अंगारकी आहे. माझी भाची येत्ये मुंबयहून. आम्हा चौघांना पुळ्याला सोडशील? दुसऱ्या कुणाला देण्यापेक्षा तुझ्याकडेच म्हटलं आधी विचारू. तेवढीच बोहनी."

"बोहनी?" अनिल म्हणाले.

"लाजू नको रे अनिल. बायकोने कमवलं म्हणून काय कोणी कमी होत नाही. साहेबाने काढलंन तर काढलंन. तू तिच्या शेजारी बसतोस, वाट दाखवतोस, हे काय कमी आहे?"

मी माझ्या नवऱ्याला असं पांढरं पडताना कधीच पाहिलं नव्हतं. मग तो पांढरा माणूस लाल झाला. त्यांच्या चोवीस वर्षांच्या नोकरीत एक दिवसाची बिनपगारी रजा नाही. ते ताडकन उठले आणि मावशींपेक्षाही मोठ्या आवाजात म्हणाले, "माझी नोकरी शाबूत आहे! आणि ही टॅक्सी चालवणार नाहीये! ही मोटारींच्या शर्यतीत उतरणार आहे! माझ्या संमतीने!"

जिन्यात वर-खाली दारं किलकिली झालेली होती, त्या सगळ्यांनी ते ऐकलं. आप्पा गॅलरीतून म्हणाले, "शाब्बास."

मी अजून ठरवलंच नव्हतं. अनिल माझ्याकडे बघत होते. आपण काय बोलून बसलो हे त्यांना एव्हाना कळलं होतं. पण विमा कंपनीचा माणूस. एकदा सही झाली की झाली.

परीक्षेत मी नापास झाले. तेही सांगून टाकते.

गाडी चालवण्याची परीक्षा घ्यायला जो निरीक्षक आला तो रितेश, माझाच विद्यार्थी. मला बघून तो उठून उभा राहिला. मनात म्हटलं, झालं काम. मी गाडी अशी फिरवली, की दोरीने ओढल्यासारखी. रिव्हर्सला तर बाहेर उभे असलेले दोघे-तिघे बघायला आले. शेवटी रितेश अतिशय नम्रपणे म्हणाला, "बाई, गाडी तुम्ही झकास चालवता. पण वळताना एकदाही इंडिकेटर दिला नाहीत."

"अरे, रस्ता रिकामा होता."

"तुम्हीच शिकवलंत ना बाई? नकाशा कितीही सुंदर काढा, दिशा दाखवली नाही तर शून्य गुण."

शून्य गुण मी त्याला दिले होते की नाही ते आठवेना. घरी आले तर अनिल दारातच. मला वाटलं होतं ते खूश होतील. शर्यत परस्पर टळली. पण ते म्हणाले, "इंडिकेटरवर नापास? माझ्या शेजारी बसून शिकलेली बाई इंडिकेटरवर नापास?" हा त्यांनी स्वतःचाच अपमान मानला. दुसऱ्या दिवसापासून मला अंगणात गाडी काढतानाही इंडिकेटर द्यावा लागला. पुढच्या खेपेला मी पास झाले. रितेशने मला नमस्कार केला, आणि गाडीबाहेर उभ्या असलेल्या अनिलनाही.

आप्पांची सीट शेवटी गॅरेजवाल्याने बसवली. त्यांनी तो सगळा वेळ शेजारी उभं राहून त्याला बोटीवर हे कसं केलं असतं ते सांगितलं.

शर्यतीच्या आदल्या संध्याकाळी आम्ही दोघं भाट्याच्या किनाऱ्यावर गेलो होतो. अनिलनी चपला काढून हातात घेतल्या. मग म्हणाले, "मी ऑफिसात फोटो बघतो ना, त्यात माणसं नसतात. नुसत्या गाड्या. आत कोण होतं ते मी मनात बसवतो. या महिन्यात दरवेळी तूच बसतेस."

मी म्हटलं, "मग नको जायला. खरंच. मला काही वाटणार नाही."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. "वाटेल," म्हणाले. "आणि सगळ्या बिल्डिंगला सांगून झालंय."

सकाळी सड्यावर वारा असा, की बोलणं ओठातून निघालं की पलीकडच्या गावात ऐकू जावं. डिसेंबरचं पिवळं पडलेलं गवत, खाली काळा कातळ, लांब समुद्राची पट्टी. कोन मांडलेले. आमच्या इमारतीची मंडळी टेम्पो करून आली होती. मावशींनी घडीची खुर्ची, थर्मास आणि भाकऱ्या आणल्या होत्या. भाग घेणाऱ्यांत बाकी सगळे पोरगे. कुणाच्या गाडीतून नुसती उभी असतानाही धाडधाड गाणं चालू. मी साडी नेसून न जाता सलवार-कमीज घातला होता, तरी दोघांनी मला विचारलं, "काकू, तुमचा मुलगा कितव्या नंबरला आहे?"

क्लबचं हेल्मेट मिळालं. ते घातल्यावर मला फक्त माझा स्वतःचा श्वास ऐकू यायला लागला. हर्षदने झेंडा खाली केला आणि मी निघाले.

पहिली तीन वळणं स्वर्ग. चौथ्याला कोनच दिसेना. मी मनाला येईल तिकडे वळले, दोन कोनांच्या चुकीच्या बाजूने गेले, आणि शेवटची रेषा ओलांडली ती उलट्या दिशेने. टेम्पोतल्या मंडळींनी टाळ्या वाजवल्या. मावशींना वाटलं मी शर्यत लवकर संपवली.

हर्षद खालमानेने आला. "काकू, चुकीचा मार्ग. बाद धरावं लागेल."

मी हेल्मेट काढलं. डोळ्यांत पाणी आलं होतं ते वाऱ्याने, असं मी ठरवलं. गाडीतून उतरले तर अनिल तिथे नव्हते. ते चौथ्या वळणाशी कातळावर गुडघे टेकून बसले होते. मोबाइलने फोटो काढत होते. वरून, खालून, तिरका. मग पट्टीऐवजी आपली चप्पल ठेवून अजून एक फोटो काढला.

"हा इथे कोन होता," ते हर्षदला म्हणाले. हा त्यांचा ऑफिसचा आवाज होता. तो मी आजवर फोनवरच ऐकला होता. "खडूची खूण इथे. कोन आत्ता आहे त्या गवतात. आधीच्या गाडीने उडवलेला, टायरचं रबर लागलंय बघा. तुमच्या माणसाने उचलून जागेवर ठेवला नाही. समोर खूणच नसताना चालकाने वळायचं कुठे? यात चालकाची चूक धरता येत नाही."

हर्षदने वाकून पाहिलं. बाकीचे क्लबवाले वाकले. सड्यावर एवढी माणसं एकदम वाकलेली बघून मावशी लांबून हाक मारून विचारू लागल्या, "काय हरवलंय रे?"

मला पुन्हा संधी मिळाली.

ती फेरी कशी झाली ते मला नीट सांगता येत नाही. एवढं आठवतं, की तिसऱ्या वळणाला गाडीचा मागचा भाग किंचित सरकला, मी स्टिअरिंग हलक्या हाताने सोडलं आणि गाडी आपणहून सरळ झाली. तेव्हा मी हेल्मेटच्या आत मोठ्याने हसले. इतक्या मोठ्याने मी कॉलेजनंतर हसले नव्हते. चौथा कोन जागेवर होता. त्याच्या पलीकडे अनिल उभे होते, सड्याकडे पाठ करून, समुद्राकडे तोंड करून. शेजारी मावशी हेल्मेटमधूनही ऐकू येईल असं ओरडून त्यांना सांगत होत्या, "वळली! सरळ झाली! आता आली हां! बघ की रे, आली!"

बक्षीस समारंभ टेम्पोच्या मागच्या फळीवर झाला. हर्षदने कप उचलला आणि पुकारलं, "महिला गटात प्रथम, सौ. समीक्षा शिवलकर!"

टाळ्या पडल्या. मी पुढे गेले.

"महिला गटात दुसरी कोण?" मी विचारलं.

"दुसरी... म्हणजे यंदा तुम्ही एकट्याच होता, काकू."

"आणि सगळ्यांत मिळून कितवी?"

हर्षद कागद चाळू लागला. त्याला अवघड वाटत होतं. "तुमच्यामागे दोघं आहेत."

मी मागे वळून पाहिलं. ज्याच्या गाडीतून गाणं चालू होतं तो पोरगा जमिनीकडे बघत होता. त्याच्या गाडीतलं गाणं एव्हाना बंद झालं होतं.

"मग हा कप नको मला," मी म्हटलं. "एकटीने धावून पहिली आले म्हणून कप कसला घ्यायचा? पुढच्या वेळी माझं नाव सगळ्यांच्यात लिही. आणि काकू म्हणू नकोस."

मी काय बोलले हे मला बाकीच्यांच्या तोंडाकडे बघून कळलं. पुढच्या वेळी. ठरवायचं म्हणून गेला महिनाभर मी रात्ररात्र तळमळत होते, आणि पुढचं ठरलं तेव्हा माझ्याच तोंडाने मला विचारलंसुद्धा नव्हतं.

कप हातात धरून हर्षद तसाच उभा राहिला. मावशी खुर्चीतून उठल्या, तो त्याच्या हातातून काढून घेतला आणि आत डोकावून बघितलं. "राहूदे गो," म्हणाल्या, "साखरेला बरा आहे."

मी अनिलकडे बघायचं टाळत होते. ते सावकाश माझ्यापाशी आले. माझ्या काखेतलं हेल्मेट त्यांनी घेतलं, उलटं करून आतलं अस्तर बोटाने दाबून पाहिलं, हुंगलं आणि तोंड वाकडं केलं.

"कुणाकुणाच्या डोक्याचं आहे कोण जाणे," ते म्हणाले. "हे देऊन टाक. आपलं घेऊ."